ताणावरची फुलं

रायपुरात कुणी ऑर्किड लावलं की शेजारपाजाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो: पाणी घाला. सकाळी फवारा, दुपारी फवारा, वर हिरवी जाळी, आणि जमलंच तर कूलरच्या वाऱ्यात टांगा. त्यांना तरी काय बोल लावायचा? मे महिन्यात इथला पारा ४५च्या घरात जातो, आणि ऑर्किड म्हणजे आसाम-सिक्कीमकडचं दमट हवेतलं लाडावलेलं प्रकरण, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण तात्यापाऱ्यात आमच्या घरामागच्या आंब्यावर जो वांडा आहे, तो सिक्कीमचा नव्हे. तो इथलाच, महानदीच्या खोऱ्यातल्या आंब्या-महुआवर पिढ्यान् पिढ्या राहत आलेला. चामड्यासारखी जाड पानं, खोडाला बिलगलेली करड्या रंगाची मुळं, आणि ऐन उन्हाळ्यात हिरवट-पिवळी, तपकिरी चौकडीची सुवासिक फुलं. शास्त्रीय नाव वांडा टेसेलाटा. माळीभैया त्याला अजूनही बांडगूळच समजतात आणि दर पावसाळ्याच्या आधी कोयता हातात घेऊन विचारतात, ‘दीदी, इसे निकाल दें?’ तो झाडाचा रस पीत नाही, नुसता आसऱ्याला राहतो, हे त्यांना पटलेलं नाही. माझ्या भिडेखातर ते कोयता खाली ठेवतात, एवढंच.

माझं माहेर काटोलकडचं, संत्र्याचं. तिथं बागेला पाणी द्यायला कुणीही चालतं. पाणी तोडायचं कधी, हे मात्र घरातलं जाणतं माणूस ठरवतं. आंबिया बहार धरायचा तर थंडीत बाग ताणावर सोडायची, पानं जरा मलूल होऊ द्यायची, आणि मग पाणी सोडलं की झाडं पांढरी होतात. ऑर्किडलाही असाच ताण लागतो, हे मला कुठल्या रोपवाटिकेत कळलं नाही. ते कळलं एका स्पॅनिश धर्मगुरूच्या पुस्तकातून. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव.

फादर फुलं विकणारे नव्हते. ते जेझुइट होते, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत. जन्म १९०३चा, स्पेनच्या तारागोना प्रांतात, ला गालेरा नावाच्या गावी. १९२८ साली ते हिंदुस्थानात आले, मधल्या काळात लंडनला शिकून परतले आणि १९४० पासून झेवियर्समध्ये प्राध्यापक झाले. पुढे भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे प्रमुख झाले, १९६१ ते १९६७ संचालक होते, निवृत्तीच्या वर्षी पद्मश्री मिळाली, आणि जानेवारी १९७० मध्ये मुंबईतच गेले. ही झाली सरकारी नोंद. त्यांचा खरा मुलूख होता खंडाळा. मुंबईचा माणूस खंडाळ्याला हवा खायला जातो, फादर पावसात वनस्पती गोळा करायला जात. त्यातून ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ हा ग्रंथ झाला, १९५३ साली पहिल्यांदा छापला गेला आणि त्यांच्या हयातीतच त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पुरंदरचा वेगळा, सौराष्ट्राचा वेगळा. कारवी किती वर्षांनी एकदम फुलते, याच्या नोंदींचाही त्यांनी पाठपुरावा केला. एकाच डोंगरावर पुन्हा पुन्हा जायचं आणि तारीख टाकून लिहायचं, ही त्यांची रीत. बागकामाशी तिचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी जरा मागं जावं लागतं.

आमच्या आंब्यावरचा वांडा शास्त्राच्या दप्तरात शिरला तो १७९५ साली. विल्यम रॉक्सबर्ग हा कंपनीचा डॉक्टर मद्रास इलाख्याच्या उत्तर भागात, समालकोटला होता, म्हणजे बस्तरच्या डोंगरांपलीकडे समुद्राकडे उतरलं की लागतो त्या मुलखात. हिंदी चित्रकारांकडून त्यानं शेकडो झाडांची चित्रं काढून घेतली, आणि कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींचा त्याचा जो थोरला ग्रंथ निघाला, त्याच्या पहिल्या खंडात हे ऑर्किड ‘एपिडेंड्रम टेसेलाटम’ या नावानं आलं. त्याच वर्षी सर विल्यम जोन्सचं टिपण कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापलं गेलं. जोन्स तोवर वारला होता. पण वांडा हे वंशनाम त्याच्या त्या टिपणातलं. मग १८२०च्या सुमारास रॉबर्ट ब्राउननं त्याला रॉक्सबर्गचं नाव दिलं. जुन्या पुस्तकांत वांडा रॉक्सबर्गाय दिसतो तो हाच.

नावं ठरत होती, तरी विलायतेत झाडं मरत होती. लंडनच्या शौकिनांनी ठरवून टाकलं होतं की ऑर्किड उष्ण कटिबंधातलं, म्हणजे त्याला हवी चूल आणि वाफ. काचघरात कोळशाच्या भट्ट्या पेटवायच्या, खिडक्या घट्ट बंद ठेवायच्या, वर मुळं मातीत पुरायची. जहाजानं आलेली हजारो झाडं या लाडानं कुजून गेली. हे बदललं ते झाड कुठून आलं हे विचारायला सुरुवात झाली तेव्हा. चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या बागेचा प्रमुख होता जोसेफ पॅक्स्टन, पुढे क्रिस्टल पॅलेस बांधला तो. त्यानं १८३५ साली जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला खासी टेकड्यांत पाठवलं. (हा गिब्सन वेगळा, आपल्या दापोडीचा गिब्सन पुढं येतो.) गिब्सन दोनेक वर्षांनी परतला तो ऑर्किडांचा मोठा साठा घेऊन, आणि सोबत ती झाडं कुठल्या हवेत राहतात याची माहितीही. पॅक्स्टननं खिडक्या उघडल्या, भट्ट्यांची आच कमी केली, वेगवेगळ्या हवेतल्या झाडांना वेगवेगळी घरं दिली. ऑर्किड-बागकामाचा इतिहास सांगताना लोक श्रीमंतांच्या लिलावांवर फार रेंगाळतात. मला त्यात गोडी नाही. त्या उघडलेल्या खिडक्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

मुंबई इलाख्याच्या बाजूला मात्र दुसरीच परंपरा होती, आणि तिच्यात श्रीमंती कमी, पायपीट जास्त. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती-बाग होती. तिचा अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ साली इलाख्याचा वनसंरक्षक झाला. त्याच सुमारास त्यानं एका चित्रकाराकडून झाडांची चित्रं करून घेतली. ती आज एडिंबराच्या बागेत जपून ठेवलेली आहेत, पण चित्रकाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पोर्तुगीज वळणाचा हिंदी माणूस, इतकंच कळतं. पुढे गिब्सन आणि डॅल्झेल यांची ‘बॉम्बे फ्लोरा’ आली १८६१ मध्ये, मग थिओडोर कुकचा थोरला ग्रंथ. गॅमी नावाचा पुण्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या आरंभी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या इलाख्यातल्या ऑर्किडांवर लेखमाला लिहीत होता. त्यानंतर झेवियर्सचे स्विस फादर एथेलबर्ट ब्लॅटर. तब्येत ढासळली म्हणून ते पाचगणीला जाऊन राहिले आणि तिथंही कामच करत बसले. त्यांनी चार्ल्स मॅककॅनबरोबर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑर्किडांचा भाग पुन्हा तपासून लिहिला. ब्लॅटर १९३४ साली गेले. त्यांनी जमवलेल्या वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह झेवियर्समध्ये त्यांच्याच नावानं आजही आहे, आणि सांतापाव येऊन बसले ते या संग्रहापाशी.

म्हणजे ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक एका माणसाच्या हुशारीतून आलेलं नाही. सांतापाव आणि त्यांचे सहकारी झरीर कपाडिया यांनी सोसायटीच्या नियतकालिकात एकेका जातीवर बारीक टिपणं लिहिली, जुन्यांची नावं तपासली, कुणाची चूक असेल तर तसं स्पष्ट म्हटलं, आणि १९६६ साली ते सगळं सरकारी छापखान्यातून पुस्तकरूपानं बाहेर आलं. पाचगणीच्या पठारावरची एक पांढऱ्या फुलांची हाबेनारिया त्यांनी १९५७ मध्ये नवी म्हणून नोंदवली आणि तिला पाचगणीचंच नाव दिलं. फादर ब्लॅटर ज्या पठारावर आजारपणात फिरले, तेच हे.

पुस्तक वाचायला रूक्ष. कुंडीत काय घालावं, खत कुठलं, याचा एक शब्द नाही. पण मी ते बागकामाचं पुस्तक म्हणूनच वाचते. प्रत्येक जातीखाली फुलण्याचा महिना असतो, सापडल्याचं ठिकाण असतं. झाडावर की खडकावर की गवतात, तेही. हे महिने आणि ठिकाणं एकमेकांशेजारी मांडली की पावसाचं कोडं सुटत जातं. घाटातलं डेंड्रोबियम बार्बाट्युलम पानं गाळून टाकतं आणि थंडी सरता सरता, पावसाचा थेंबही नसताना, उघड्या कांड्यांवर पांढरी फुलं काढतं. एरिडिस क्रिस्पा पावसाच्या तोंडावर फुलते. जमिनीवरच्या हाबेनारिया पहिल्या सरींनंतर वर येतात, दोन-तीन महिन्यांत फूल-बी उरकतात आणि वर्षाचा उरलेला मोठा काळ मातीखाली कंद होऊन झोपतात. त्या झोपेत कुणी मायेनं कुंडीत पाणी घातलं तर कंद सडतो. पश्चिम घाटात चार महिने मुसळधार आणि आठ महिने कोरडं. आमच्या छत्तीसगढात पाऊस घाटाच्या मानानं पुष्कळच कमी, पण विभागणी तीच. जून ते सप्टेंबर, आणि मग आकाश झाकणबंद.

अशा हवेत राहणाऱ्या झाडानं ताण सोसण्याची तयारी अंगातच बांधून घेतलेली असते. वांड्याच्या मुळांवर मेलेल्या पेशींचा एक पांढुरका थर असतो. पाऊस पडला की तो काही क्षणांत पाणी शोषतो आणि खालचा हिरवेपणा दिसू लागतो. सुकला की पुन्हा चांदीसारखा होतो आणि आतल्या मुळाला उन्हापासून झाकतो. पानांची रंध्रं दिवसा मिटलेली, रात्री उघडी. हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री घेऊन साठवायचा आणि दिवसा उन्हात वापरायचा, म्हणजे भर दुपारी घाम गाळावा लागत नाही. निवडुंग करतो तेच. डेंड्रोबियमचं पाणी फुगीर कांड्यांत साठलेलं. हे सगळं ज्याच्याकडे आहे त्याला दुपारी दोन वाजता फवारा मारणं म्हणजे उपकार नव्हे. मुळं सतत ओली राहिली की त्यांच्यावर बुरशी धरते, आणि ताण मिळाला नाही की झाड पानंच काढत बसतं. हिरवंगार दिसतं, शेजारी कौतुक करतात, आणि फुलत नाही.

आता आमच्या भागाविषयी. मुंबईकडे गिब्सनपासून सांतापावांपर्यंत शंभराहून जास्त वर्षं अखंड लिहिलं गेलं, तसं रायपूरकडे का झालं नाही, हा प्रश्न मला विद्यार्थिनी असल्यापासून सतावतो. जंगल तर आमच्याकडे त्यांच्याहून मोठं. माझं उत्तर असं: आमचं जंगल सरकारला दिसलं ते लाकूड म्हणून. रायपूर नागपूरच्या कमिशनरांखाली, मध्य प्रांतात. १८८०च्या दशकात रेल्वे आली आणि सालाचा वृक्ष स्लीपरसाठी मोजला जाऊ लागला. वनाधिकाऱ्याच्या नजरेला सरळ, तरणं खोड हवं. ऑर्किड राहतं ते वाकड्या, म्हाताऱ्या, ढोलीच्या झाडावर, म्हणजे नेमकं जे झाड आधी पाडायचं त्यावर. शिवाय झेवियर्ससारखं वाळवलेल्या पानांचं कपाट इथं कुणी पिढ्यान् पिढ्या सांभाळलं नाही. अपवाद होते. मूनी नावाचा वनाधिकारी पूर्वेकडच्या संस्थानांच्या जंगलांत पुष्कळ हिंडला आणि बिहार-ओडिशाच्या वनस्पतींवर हेन्सनं लिहिलेल्या ग्रंथाला त्यानं १९५० साली पुरवणी जोडली. पण अशी माणसं सुटी सुटीच राहिली.

फरक पडला तो स्वातंत्र्यानंतर, सर्वेक्षणाची नवी घडी बसली तेव्हा. पुण्याला पश्चिम मंडल १९५५ मध्ये झालं. आणि १९६२ मध्ये, म्हणजे सांतापाव संचालक असताना, अलाहाबादला मध्य मंडल सुरू झालं. तेव्हाचा मध्य प्रदेश, म्हणून रायपूरही, त्या मंडलाच्या वाट्याला आलं. खंडाळ्याला पावसात भिजणाऱ्या फादरांचा आमच्या आंब्याशी संबंध आहे तो असा, कार्यालयीन कागदातून. त्या मंडलाच्या कामातून १९८५ साली ‘फ्लोरा ऑफ रायपूर, दुर्ग अँड राजनांदगाव’ निघाला, वर्मा, पंत आणि हनफी यांचा. पुढे मध्य प्रदेशाच्या फ्लोराचे तीन खंड आले. तिसरा, ज्यात ऑर्किडं आहेत, तो २००१ साली छापून झाला तोवर छत्तीसगढ वेगळं राज्य होऊन गेलेलं होतं. नकाशा बदलला आणि पुस्तकाचं नाव जुनंच राहिलं, याचं मला हसू येतं. वांड्याला त्यानं काही फरक पडला नाही.

पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधीपासून वांडा गोलबाजारात होता. जडीबुटीच्या दुकानांत त्याची मुळं रास्ना म्हणून विकली जातात. आयुर्वेदात रास्ना सांधेदुखीवरची. गंमत म्हणजे देशभर रास्ना एकच नाही: उत्तरेत प्लुचिया नावाचं झुडूप, दक्षिणेत कुलिंजनाचा कंद, आणि बंगालपासून आमच्यापर्यंत वांड्याची मुळं. वैद्यांचा वाद वैद्यांनी मिटवावा. माझी काळजी साधी आहे. मूळ विकायचं तर अख्खं झाड ओरबाडून काढावं लागतं, आणि वांडा वाढतो फार सावकाश. अमरकंद या जमिनीतल्या ऑर्किडचंही तेच, कंद खणला की झाड संपलं. साऱ्या ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार आज साइट्स करारानं बांधलेला आहे, पण गोलबाजारातल्या पोत्यात डोकावायला तो करार येत नाही.

मग बियांपासून का वाढवत नाही, असं माझे विद्यार्थी विचारतात. ऑर्किडचं बी म्हणजे धूळ. एका बोंडात हजारोंनी असतात, पण एकाच्याही पोटात शिदोरी नाही. रुजायचं तर बुरशीनं येऊन अन्न पुरवायला हवं. हे नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच तरुणाच्या लक्षात आलं १८९९ मध्ये. पुढे १९२२ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लुईस नडसननं बुरशीला वगळून साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर बी रुजवून दाखवलं. मग १९६०च्या सुमारास जॉर्ज मोरेलनं कोंबाच्या टोकापासून एकसारखी रोपं करण्याची वाट उघडली. आज रायपूरच्या लग्नमंडपांत जी जांभळी डेंड्रोबियमं थायलंडहून विमानानं येऊन लटकतात, ती या तिघांच्या जिवावर. त्यांना ताण माहीत नाही. वर्षभर पाणी, खत आणि सावली यांच्यावर ती फुलवलेली असतात. मला त्यांचा राग नाही. पण लोक लग्नातून उरलेली फुलं पाहून हौसेनं तीच जात विकत आणतात, मे महिन्यात ती झाडं होरपळतात, आणि रायपुरात ऑर्किड होत नाही असा निकाल देऊन मोकळे होतात. आंब्यावरच्या वांड्याला त्या खटल्यात कुणी साक्षीला बोलावत नाही.

सांतापावांचं शेवटचं काम त्यांच्या मागून आलं. ए. एन. हेन्रींबरोबर केलेला भारतातल्या सपुष्प वनस्पतींचा कोश १९७३ साली छापला गेला. सगळा देश एका जिल्ह्यासारखा बारकाईनं पाहायचा, ही हाव त्यात दिसते. आमच्याकडे आजही अनेक तहसिलींतल्या ऑर्किडांच्या फुलण्याच्या तारखा कुणाच्या वहीत नाहीत, आणि त्या लिहायला प्रयोगशाळा लागत नाही. म्हणून कुणी पोरगं ‘बाई, खत कुठलं घालू’ असं विचारत आलं की मी त्याला वही घ्यायला सांगते आणि चार रकाने आखून देते: कुठल्या झाडावर आहे, खोडाच्या कोणत्या बाजूला, नव्या मुळाचं हिरवं टोक कधी दिसलं, कळी कधी दिसली. झाड जंगलातून उपटून आणायचं नाही. जिथं आहे तिथं जाऊन बघायचं. वाऱ्यानं पडलेल्या फांदीवरचं मिळालं तर वनखात्याला विचारून आंब्याच्या पूर्वेकडच्या अंगाला सुतळीनं बांधायचं, मॉस-माती काही लावायची नाही. पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत मुळं रोज भिजली तरी चालतात. दिवाळीनंतर पाणी कमी करत आणायचं, डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ तोडायचं, आणि मार्चमध्ये मुळाचं टोक हिरवं झालं की सूर्य उगवायच्या आत एकदा भिजवायचं. पानं थोडी सुरकुतली तर घाबरायचं नाही. काटोलचे आमचे काका संत्र्याबद्दल हेच सांगायचे, फक्त त्यांच्या तोंडी शिव्या जास्त असत.